खाली गलाईचं दुकान, वर घर: पारा आणि शिशाबद्दल एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे, राहायला कोपरखैरण्यात. मिस्टर नऊ वर्षं ठाण्यात जांभळी नाक्याजवळ त्यांच्या मामांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या दुकानात आहेत. आता ओळखीतल्या एकांनी त्यांना टांझानियात, गेइटा नावाच्या शहराजवळ, सोनं विकत घेऊन गाळायचं दुकान सांभाळायला बोलावलंय. खाली दुकान, वर राहायची खोली. दिवाळीनंतर निघायचं म्हणतात. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मला चौथा महिना चालू आहे. तिकडे पाऱ्यानं सोनं काढतात असं वाचलं. मिस्टर म्हणतात, आपण कुठं खाणीत उतरणार आहोत? इथेही ते कधीकधी घरी गॅलरीत न्यारा, म्हणजे दुकानाची राख-झाडलोट, धुतात. मामांचा हात हल्ली थरथरतो, ते वयामुळे म्हणतात. आम्ही जावं का? आधी कुठल्या तपासण्या कराव्यात?"

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. भट्टी खाली आणि राहायची खोली वर, अशा जागेत तुम्ही आणि मुलीनं राहायला जाऊ नये. टांझानियात नाही, ठाण्यातही नाही. मिस्टरांनी एकट्यानं जायचं का, हा तुमच्या घरचा निर्णय आहे, पण जायचंच ठरलं तर कोणत्या अटींवर ते पुढे लिहिते. तपासण्यांसाठी मात्र दिवाळीची वाट बघू नका, या आठवड्यातच करा. आणि गॅलरीतलं न्यारा धुणं आजपासून बंद.

मी गेली चोवीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामगारांच्या आजारांचं काम करते. गलाईची माणसं माझ्याकडे "विषबाधा झाली" म्हणून कधीच येत नाहीत. कुणी पोटात कळ येते म्हणून येतो, कुणी झोप लागत नाही म्हणून, कुणाची बायको "हे हल्ली फार चिडतात" असं सांगते. काय काम करता असं विचारलं की "सोन्याचांदीचं" एवढंच उत्तर मिळतं, आणि डॉक्टरच्या डोळ्यांपुढे सराफाची गादी उभी राहते. मूस (गाळायचं भांडं), तेजाब (ॲसिड), शिसं यातलं काहीच समोर येत नाही. म्हणून तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत याचं मला फार बरं वाटलं.

मिस्टरांच्या "आपण कुठं खाणीत उतरणार आहोत?" या वाक्यापासून सुरू करते, कारण खरा धोका त्या वाक्यातच लपलाय.

छोट्या खाणींवर सोनं कसं काढतात ते बघा. दगड फोडून, दळून त्याची पूड करतात. पाण्यात कालवून त्यात पारा ओततात आणि हातानं, पायानं मळतात. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेनं २०१३ मध्ये टांझानियातल्याच खाणींचा जो अहवाल दिला, त्यात हे काम करणारी लहान मुलं होती. पारा सोन्याचे बारीक कण आपल्यात ओढून घेतो. मग ते मिश्रण फडक्यातून पिळलं की मऊ, चंदेरी गोळा राहतो. त्यात साधारण निम्मं सोनं, निम्मा पारा. हा गोळा तापवला की पारा ३५७ अंशांना उकळून उडून जातो आणि मागे सोनं राहतं. पण ते सोनं तुमच्या दुकानातल्या लगडीसारखं घट्ट नसतं. ते सच्छिद्र असतं, पावासारखं, आणि खाणवाल्यानं चुलीवर किंवा ब्लोलॅम्पनं घाईघाईत तापवलेलं असल्यामुळे त्याच्या पोटात पारा उरलेला असतो. नीट तापवलं असेल तर थोडा, नसेल तर बराच.

असा गोळा घेऊन तो दुकानात येतो. दुकानदार काय करणार? वजनाला खोट नको म्हणून समोरच तो मुशीत टाकून गाळणार. सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. म्हणजे खाणवाल्याकडून राहून गेलेला सगळा पारा तिथे, बंद खोलीत, गाळणाऱ्याच्या नाकासमोर एकदम बाहेर पडतो. खाणवाला हे काम आठवड्यातून एकदोनदा करतो, तेही उघड्यावर. दुकानदाराकडे दिवसभरात असे किती गोळे येतील, विचार करा. खाणीत न उतरणारा माणूस खाणीतल्या माणसाइतकाच, कधी त्याच्याहून जास्त पारा ओढतो तो असा.

कोलंबियात सेगोव्हिया नावाचं गाव आहे. तिथे सोनं गाळायची दुकानं भरवस्तीत होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिथल्या वस्तीतल्या हवेत घनमीटरला १० मायक्रोग्रॅम पारा सर्रास सापडला, आणि काही दुकानांच्या आत हा आकडा १००० पर्यंत गेला. जागतिक आरोग्य संघटना सामान्य माणसासाठी १ मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगते. त्या गावातल्या शेजाऱ्यांचा सोन्याशी संबंधही नव्हता.

तुमच्या घरातली मोठी माणसं म्हणतील, आम्ही पारा तळहातावर खेळवलाय, काही झालं नाही. त्यांचं खोटं नाही. द्रवरूप पारा चुकून गिळला तर आतड्यातून जवळपास काहीच शोषला जात नाही, अखंड कातडीतूनही फार थोडा. पण तोच पारा वाफ होऊन श्वासात गेला की साधारण ८० टक्के अंगात राहतो. या वाफेला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. नायट्रिकचा तांबडा धूर उठला की माणूस आपसूक मागे सरकतो. पाऱ्याच्या वाफेत तो आरामात चहा पीत बसतो.

फुप्फुसातून ती वाफ रक्तात जाते, तिथून मेंदूत, आणि पोटातल्या बाळाकडेही. वार (प्लासेंटा) म्हणजे बाळाची ढाल असं आपण समजतो, पण ही वाफ वार सहज ओलांडते. मूत्रपिंडात पारा साठत जातो. आणि खोलीत जी वाफ हवेत राहिली ती जाते कुठे? भिंतीवर, छताच्या फळ्यांवर, पडद्यावर, मिस्टरांच्या सदऱ्यावर थंड होऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की पुन्हा वर उठते. भट्टी बंद असली तरी खोली चालू असते. वरच्या खोलीला माझा विरोध आहे तो यासाठीच. साडेतीन वर्षांचं मूल जमिनीजवळ खेळतं, बोटं तोंडात घालतं आणि वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा ओढतं.

आता मामांचा हात. पाऱ्याच्या वाफेनं होणाऱ्या आजाराची ही जुनी खूण आहे: बोटांना, पापण्यांना, ओठांना बारीक थरथर. अक्षर बदलतं, सही पूर्वीसारखी येत नाही, कपबशी वाजते. त्याच्या जोडीला हिरड्या सुजणं, तोंडाला धातूची चव, झोप उडणं, विसरभोळेपणा, आणि एक विलक्षण बदल होतो स्वभावात. दिलखुलास माणूस लाजाळू होतो, चारचौघांत जायला नको म्हणतो, कुणी काम करताना बघत उभं राहिलं तर चिडतो. घरचे म्हणतात, वय झालं. असू शकेल. हात थरथरण्याला थायरॉइड असतो, पार्किन्सन असतो, काही जणांत घराण्यातूनच येणारी थरथर असते, दम्याची औषधंही कारण असतात. मी मामांना न बघता निदान करणार नाही. पण ज्या माणसानं आयुष्य भट्टीपुढे काढलंय त्याच्या थरथरीला न तपासता "वय" म्हणणं मला मान्य नाही.

मूत्रपिंडाची बाजू आणखी फसवी. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली आणि पायांवर सूज, बस, एवढंच. लघवीतून प्रथिन जातंय हे साध्या तपासणीत कळतं, पण त्याचं कारण पारा आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. लहान मुलांत तर चित्र वेगळंच: हातपाय गुलाबी, दुखरे, सोलवटलेले, खूप घाम, सतत किरकिर, रक्तदाब वाढलेला. कुणी पाऱ्याचा विचार केला नाही तर डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे लागतात.

इथपर्यंत पारा झाला. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत मला त्याच्याइतकीच काळजी शिशाची आहे, आणि ते तर इथे ठाण्यातच आहे.

चांदी शुद्ध करताना शिसं घालून गाळायची पद्धत तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार. शिसं ३२७ अंशांना वितळतं, भट्टीत त्याचा धूर होतो आणि त्याची अतिबारीक पिवळसर भुकटी कपड्यांवर, केसांत, चपलांच्या तळव्यांत बसते. न्यारा म्हणजे तरी काय? दुकानाची झाडलोट, राख, फुटक्या मुशी, घासकाम. झारेकऱ्यांचा तो पूर्वापार धंदा, पण त्या राखेत सोन्याच्या कणाबरोबर शिसं असतं, जुन्या केडीएम दागिन्यांच्या डाकातलं, म्हणजे जोडातलं, कॅडमियम असतं, आणि कण पकडायला कुणी पारा ओतला तर तोही. हे सगळं तुमच्या गॅलरीत, जिथे मुलीची सायकल उभी असते, तिथे धुतलं जातं. मला मिस्टरांना दोष द्यायचा नाही. दोन ग्रॅम सोनं निघालं तर महिन्याचं भाडं सुटतं, हे मी जाणते. पण हे काम घरात नको.

नायजेरियात झंफारा नावाचं राज्य आहे. २०१० च्या सुरुवातीला तिथल्या खेड्यांत लहान मुलं आकडी येऊन मरायला लागली. आधी हिवताप, मेंदुज्वर अशा शंका आल्या. रक्त तपासल्यावर कळलं की शिसं आहे. त्या भागातल्या सोन्याच्या दगडात शिसं भरपूर होतं. पुरुष खाणीतून दगड गावात आणायचे, कारण तिथे पाणी होतं आणि दळायला गिरणी होती. पिठाच्या गिरण्यांतच दगड दळले जायचे, बायका अंगणात धुवायच्या, मुलं त्याच मातीत खेळायची. पहिल्या दोन गावांत, दारेटा आणि यारगालमात, वर्षभरात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास पाव मुलं दगावली होती. एकूण चारशेहून जास्त मुलं गेली असा अंदाज आहे. बॉर्डर नसलेले डॉक्टर म्हणून ओळखली जाणारी मेडिसाँ साँ फ्राँतिएर ही संस्था तिथे गेली, औषधं दिली, पण त्यांनी एक गोष्ट पहिल्यापासून लावून धरली: आधी घर-अंगणाची माती काढून टाका, मग मुलाला औषध द्या. तसं केलं नाही तर मूल बरं होऊन त्याच मातीत परत जातं.

त्या गावात कुणी मुलांना खाणीत नेलं नव्हतं. खाण घरी आली होती. तुमच्या गॅलरीतलं प्रमाण त्याच्या तुलनेत नगण्य असेल, पण वाट तीच आहे.

लहान मूल गिळलेल्या शिशाचा जवळपास निम्मा भाग शोषून घेतं, मोठा माणूस साधारण दहावा भाग. अंगात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढतं, आणि आपल्याकडे किती मुलांना लोह कमी आहे हे वेगळं सांगायला नको. शिसं हाडांत कॅल्शियमसारखं जाऊन बसतं आणि दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघायला लागलं की त्याच्याबरोबर जुनं शिसंही रक्तात येतं. म्हणून तुमचीही तपासणी हवी, तुम्ही दुकानात कधी पाऊल ठेवलं नसलं तरी.

एक आठवण सांगते. काही वर्षांपूर्वी चांदी गाळणारा एक तिशीतला तरुण माझ्याकडे आला. पोटात असह्य कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी. आधी एका रुग्णालयात त्याला अपेंडिक्स म्हणून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेलं होतं. त्याच्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. तपासणीत शिसं भरमसाट निघालं. काम बंद केलं, उपचार झाले, तो सावरला. मग मी त्याच्या दोन मुलांचं रक्त मागवलं. धाकट्याचं शिसं मर्यादेच्या कितीतरी वर होतं, आणि तो मुलगा कधी दुकानात गेलाच नव्हता. बाप घरी आला की धावत जाऊन त्याच्या कडेवर बसायचा, इतकंच. तो बाप माझ्यासमोर जे रडला ते मी विसरलेले नाही, आणि तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय तेही त्यामुळेच.

आता तपासण्या. नीट वाचा, कारण चुकीची तपासणी केली की खोटा दिलासा मिळतो.

पाऱ्याच्या वाफेसाठी लघवीतला पारा बघतात आणि त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजतात, म्हणजे लघवी पातळ आहे की घट्ट याचा फरक पडत नाही. मिस्टर आणि मामा दोघांचीही करा, काम चालू असलेल्या आठवड्याच्या शेवटी. गावाला महिना-दोन महिने राहून आल्यावर केली तर आकडा खाली दिसेल, कारण काम थांबल्यावर साधारण दोन महिन्यांत तो निम्म्यावर येतो. नमुना दुकानात द्यायचा नाही. घरी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, लॅबनं दिलेल्या खास डबीतच द्यायचा. बोटावरची धूळ डबीत पडली तरी आकडा चढतो. कामाशी संबंध नसलेल्या माणसात हा आकडा क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत असतो. २० च्या वर गेला तर अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या मापानं कामगारालाही तो जास्त आहे. केसांतला पारा तपासू नका. तो मासळीतून येणारा पारा दाखवतो, भट्टीची वाफ नाही.

शिशासाठी शिरेतलं रक्त, चौघांचंही, म्हणजे तुमचं, मुलीचं, मिस्टरांचं आणि मामांचं. बोट टोचून घेतलेला थेंब नको, कातडीवरच्या धुळीनं तो बिघडतो. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्यावर असेल तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. मुलांमध्ये ४५ च्या वर गेलं तर शिसं बाहेर काढणारं औषध लागतं. शून्याशिवाय सुरक्षित असा आकडा मात्र माहीत नाही, म्हणून मुलीचा ४ आला तरी "नॉर्मल" म्हणून फाइल बंद करू नका. याच्या जोडीला चौघांचंही हिमोग्लोबिन, मुलीचं आणि तुमचं फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), आणि मोठ्यांची लघवीतली प्रथिनं व क्रिएटिनिन. मिस्टरांच्या हातून केडीएमचं काम बरंच गेलं असेल तर लघवीतलं कॅडमियमही. कॅडमियम मूत्रपिंडात एकदा बसलं की दहा-वीस वर्षं हलत नाही.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद घेऊन जा. त्यावर रोज काय गाळतात, शिसं, पारा, तेजाब यातलं काय वापरतात, एक्झॉस्ट आहे का, जेवण कुठे करतात, कपडे कुठे धुतात हे लिहा. शिवाय घरात कुणी गोरं होण्याची क्रीम वापरतं का, रसौषधी किंवा भस्म घेतं का, तेही. बाजारातल्या काही क्रीममध्ये पारा असतो आणि त्यानंही मूत्रपिंड बिघडतं. सगळा दोष भट्टीवर टाकून क्रीम चालूच राहिली असंही मी पाहिलंय.

आकडा जास्त आला तर पहिला उपचार म्हणजे भट्टीपासून लांब होणं. "अंगातलं विष काढणाऱ्या" गोळ्या, सलाईन स्वतःहून घेऊ नका. कुणी आधी औषध देऊन मग लघवी तपासायला सांगितली तर ती करू नका, त्या औषधानं कुणाचाही आकडा वर जातो. आणि भट्टी चालू ठेवून हे उपचार घेण्यात अर्थ नाही. तुमच्या बाबतीत गरोदरपणामुळे निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर बसूनच होईल. तोवर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका, त्यांचा इथे दुहेरी उपयोग आहे.

गॅलरीची सफाई झाडूनं करू नका, धूळ उडते. व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नको, तो पाऱ्याची वाफ घरभर पसरवतो. मुलीला आणि तुम्हाला दिवसभर माहेरी किंवा शेजारी पाठवा, मिस्टरांनी खिडक्या उघड्या ठेवून ओल्या फडक्यांनी पुसून घ्यावं आणि फडकी पिशवीत बांधून ठेवावीत. पाऱ्याचे मणी दिसले तर पुठ्ठ्यानं गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा. मोरीत, संडासात ओतू नका. तळोज्याला घातक कचऱ्याचं केंद्र आहे. तिथे द्यायची रीत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नवी मुंबईतल्या कार्यालयात विचारता येईल. न्यारा धुतलेली घमेली, टब पुन्हा घरात वापरायचे नाहीत. दुकानातले कपडे दुकानातच बदलायचे, वेगळे धुवायचे, आणि अंघोळीनंतरच मुलीला कडेवर घ्यायचं. हे मिस्टरांना कठीण जाईल, मुलीला त्याहून जास्त.

मासळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी घरात विचारतील म्हणून थोडक्यात. पारा नदी-खाडीच्या गाळात गेला की तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पारा नावाचं रूप करतात, ते मासळीत चढत जातं. जपानमध्ये मिनामाताला १९५६ मध्ये जो आजार उघड झाला तो याच रूपाचा, आणि त्याच गावाचं नाव पाऱ्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला दिलंय. आपल्या ठाण्याच्या खाडीतही एकेकाळी कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून पारा जात होता. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये त्याची मोजमापं छापली होती. तुम्ही गरोदरपणात मासळी सोडू नका. बांगडा, मांदेली, बोंबील खा. मोरी आणि मोठी सुरमई, म्हणजे दुसरे मासे खाऊन वाढणारे मोठे मासे, बाळ होईपर्यंत टाळा.

आता मिस्टरांनी जायचंच ठरवलं तर. त्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून आहे, टांझानियाही आहे. वस्तीत पाऱ्याचे गोळे जाळणं त्या करारानुसार बंद करायच्या गोष्टींमध्ये आहे. बोलावणाऱ्या माणसाला हे सरळ विचारा: दुकान वस्तीत आहे का, गाळायच्या जागेवर हुड आहे का, त्याला कोळशाचा फिल्टर आहे का, की पंखा लावून वाफ शेजारच्या घरात सोडली जाते? येणारा माल आधी बंद भांड्यात, म्हणजे रिटॉर्टमध्ये, तापवून पारा परत धरता येतो, आणि धरलेला पारा विकताही येतो. ते भांडं महाग नसतं. तोंडाला कापडी किंवा एन-९५ मास्क लावून पाऱ्याची वाफ अडत नाही. त्यासाठी पाऱ्याच्या वाफेचंच कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो आणि कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं. राहायची खोली दुकानापासून लांब, हे तर बोलणीच्या पहिल्याच वाक्यात ठरवा. दर तीन महिन्यांनी लघवीतला पारा तपासायचा आणि आकडा तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा.

आणखी एक गोष्ट मिस्टरांना माझ्याकडून आवर्जून सांगा, कारण ती त्यांनाच सगळ्यात लवकर कळेल. फिलिपिन्समध्ये बेंगेट भागातले छोटे खाणवाले कित्येक वर्षं पारा न वापरता सोनं काढतात. ते दगडाची पूड पाण्यावर घोळवून जड भाग वेगळा करतात आणि त्यात टाकणखार (बोरॅक्स) घालून थेट गाळतात. टाकणखारानं बाकीचा कचरा लवकर वितळून वर येतो, सोनं तळाशी बसतं. खानापूर-आटपाडीच्या माणसाला टाकणखार काय करतो हे शिकवायला नको, सवागी म्हणजे टाकणखारच, तो तुमच्या घरात लहानपणापासून हाताळलेला. सगळ्या प्रकारच्या दगडाला ही रीत लागू पडत नाही, आणि पूड आधी चांगली घोळवून घ्यावी लागते, पण जिथे लागू पडते तिथे पाऱ्याइतकं किंवा जास्तही सोनं निघतं. परदेशातून तज्ज्ञ आणून खाणवाल्यांना जे पटवावं लागतं, ते गलाईचा माणूस मूस समोर ठेवून दाखवू शकतो. मिस्टर तिकडे गेलेच, तर त्यांच्या दुकानात पारा घेऊन येणाऱ्या माणसाला हे दाखवून देणारे ते पहिले ठरू शकतात.

जाता जाता मनातली एक सल लिहिते. आपल्या कामगार कायद्यात शिशाचा आणि पाऱ्याचा आजार सरकारला कळवावा लागतो, तिथल्या आजारांच्या यादीत दोन्हींची नावं आहेत. पण दोन माणसांचं दुकान कायद्याच्या व्याख्येत कारखाना होत नाही. त्यामुळे महापेच्या मोठ्या कारखान्यातल्या कामगाराचं रक्त ठरलेल्या मुदतीत तपासलं जातं, आणि त्याच्या जवळच राहणाऱ्या गलाईवाल्याचं कधीच नाही. विट्याच्या, आटपाडीच्या संघटना लग्नकार्याला, शिक्षणाला उभ्या राहतात. वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासणीचा कॅम्प त्यांनी ठेवला तर मी माझ्या वेळेचे पैसे घेणार नाही, हे त्यांना कळवा.

शनिवारी सकाळी चौघंही माझ्याकडे या, उपाशीपोटी नको, नाश्ता करूनच. मुलीला भरपूर पाणी पाजून आणा म्हणजे शीर लवकर सापडते. मामा "मला काही झालेलं नाही" म्हणतील, तेव्हा वाद घालू नका. दहा वर्षांपूर्वीचं बँकेचं पासबुक किंवा एखादी पावती, जिच्यावर त्यांची सही आहे, ती सोबत घ्या. इथे आल्यावर त्यांना त्याच कागदाशेजारी पुन्हा सही करायला सांगू.